परण्यात आलेलं अपडेट

माझ्या खालच्या ओठावर जी खूण आहे ती लॅपटॉपच्या अपडेटची आहे. असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. लॅपटॉपनं ओठ फुटत नाही, तो माणसांनी फोडला, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी पडद्यावरचा आकडा पुढं सरकत नव्हता आणि त्याच्यापायी अख्खी वऱ्हाडी जमात मला तुडवायला उभी होती. हे दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून बैजवार सांगतो.

मी कळंबचा डीजेवाला. टेम्पो, त्यावर बॉक्सची भिंत, मागं जनरेटर, आणि वर माझ्यासमोर मिक्सर आणि लॅपटॉप. लग्नसराईत मला जेवायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात कुणी चहाला विचारत नाही. स्वभाव तापट आहे. घरात सगळे म्हणतात की जनरेटर परवडला, त्याला बंद करायचं बटण तरी आहे.

जुन्या लॅपटॉपनं माझ्याबरोबर हजारो हळदी खेळल्या. बटणांच्या फटीत गुलाल जाऊन बसला होता, झाकण बिजागरीतून निखळलं होतं, आणि उन्हात तो इतका तापायचा की खाली ओला पंचा ठेवावा लागे. त्यातली सिस्टीम चोरीची होती. कुणीतरी पेनड्राइव्हवरून चढवून दिलेली. त्यामुळं चालू केला की रोज एक इंग्रजी पाटी यायची, ही प्रत अस्सल नाही म्हणून. गाणं चालू असतानाही मधेच टपकायची. मी वाचत नसे. निळं बटण दिसलं की दाबायचं, पाटी गेली की पुढचं गाणं. इतक्या वर्षांत माझ्या बोटाला अशी सवय लागली होती की पाटी आल्यावर बोट आधी जायचं आणि डोळे मागून.

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर त्यानं मान टाकली. धाराशिवला दुकानात नेला. दुकानदारानं उलटासुलटा करून पाहिला, नाक मुरडलं आणि म्हणाला, यावर आता नवी सिस्टीम चढायची नाही. मग त्याच्या बदल्यात, वर भर घालून, नवा घेतला. गाणी सगळी इकडून तिकडं करून दिली. वर म्हणाला, "ही सिस्टीम अस्सल आहे बरं का. नेट मिळालं की आपली आपण नवी होत राहते. तुम्हाला काही बघायला नको." मला लई आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं अस्सल काहीतरी आलं होतं.

घरी आल्यावर आबांनी त्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याबद्दल आधी सांगायला पाहिजे, कारण त्या दिवशी जे गेलं ते त्यांचं गेलं.

आमच्या घरात हलगी पिढ्यान्पिढ्यांची. गावात लग्न असो, मयत असो, पोळा असो, आबांनी हलगी घेऊन हजर व्हायचं. चालताना सगळ्यांच्या पुढं, जेवताना सगळ्यांच्या मागं. मी पाचवीत असताना एकदा आबा तापानं फणफणले होते आणि नेमकी मोठ्या घरात मयत झाली. आबा गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं आले, आबांना अंथरुणातून ओढून अंगणात आणलं आणि बैलाच्या कासऱ्यानं मारलं. आई मधे पडली तर तिला उकिरड्यावर ढकललं. मी दाराची कडी धरून उभा होतो. कासरा अंगावर पडला की ओल्या कापडासारखा आवाज येतो. तो मला अजून ऐकू येतो.

ताप उतरल्यावर आबा आम्हाला घेऊन कळंबला आले आणि आडतीत हमाली धरली. भाड्याच्या खोलीत पहिला खिळा ठोकला तो हलगीसाठी. ती टांगली आणि आईला म्हणाले, "आता ही दुसऱ्याच्या दारात वाजायची न्हाय. म्या मेलो तरी न्हाय." त्यानंतर बोलवायला खूप जण आले. कुणी गोड बोलून, कुणी दम देऊन. आबा पोती उचलत राहिले, पण गेले नाहीत.

घरात मात्र वाजवायचे. इच्छा झाली की खिळ्यावरून काढायचे, चुलीवर शेकायचे आणि आमच्यापुरतं वाजवायचे. गावाकडं असताना त्यांना मान मिळाला तो फक्त कुस्तीच्या फडात. तिथं पैलवान भिडले की आबांची हलगी तापायची. आणि कुस्ती निकाली झाली, तरी दोघं एकमेकांना सोडायला तयार नसले, की आबा एक वेगळा ठेका धरायचे. तीन ठोके, मग गप्प. पुन्हा तीन, पुन्हा गप्प. तो ऐकला की चिडलेला पैलवानसुद्धा पकड ढिली करायचा.

हा ठेका त्यांनी माझ्यावर वापरला. गल्लीत मी रोज कुणाच्या तरी छाताडावर बसलेला असायचो. इतर पोरांचे बाप ओरडत यायचे. आबा दारात यायचे आणि फळीवर बोटांनी तीन ठोके द्यायचे, मग गप्प. माझा हात आपोआप सुटायचा. का सुटायचा ते मला माहीत नाही. तोंडानं "सोड" म्हणाले असते तर मी आणखी दोन ठेवून दिल्या असत्या.

मी डीजे घेतला तेव्हा वाटलं होतं, आबांना वाईट वाटेल. उलट झालं. पहिल्या वरातीला ते टेम्पोच्या मागं चालत आले आणि घरी आल्यावर आईला म्हणाले, "आपलं पोरगं वर हुबं ऱ्हातं, नाचणारे समदे खाली. कुणाच्या पाया पडायचं न्हाय, बटण दाबायचं. लई ब्येस हाय." पाठ कामातून गेल्यावर हमाली सुटली तशी त्यांनी जनरेटरची जबाबदारी घेतली. डिझेल, वायरी, सगळं तेच बघतात.

तर नव्या लॅपटॉपचा पहिला परण्या भूमच्या अलीकडं एका गावात होता. गावाचं नाव सांगत नाही. लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळात जातो तो परण्या. ऊन मी म्हणत होतं. नवरदेवाचे मित्र सकाळपासूनच पिलेले, आणि त्या सगळ्यांच्या वर नवरदेवाचा मामा. गुलाबी फेटा, छातीची बटणं उघडी, हातात नोटांची चळत. निघायच्या आधी एका मित्रानं कुठलंतरी नवीन गाणं मागितलं. माझ्याकडं नव्हतं. नसेल तर डीजे फोडू म्हणाला, हसत हसत. मी मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं, गाणं उतरवून घेतलं, आणि नेट बंद करायचं विसरलो.

अस्सल सिस्टीमला नेट मिळालं.

देवळासमोरच्या चौकात परण्या पोचला तेव्हा तेच गाणं लागलं होतं. घोडा नाचत होता, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती, धूळ टेम्पोच्या वर आलेली. आणि पडद्याच्या मधोमध पाटी आली. खाली निळं बटण. बोट गेलं. डोळे पोचेपर्यंत पडदा निळा झाला होता आणि गाणं तुटलं होतं.

चौकात नुसता जनरेटरचा आवाज राहिला.

पडद्यावर एक गोल फिरत होता आणि खाली लिहिलं होतं की अपडेटचं काम चालू आहे, यंत्र बंद करू नका. बाजूला आकडा. मी बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केला, तर पुन्हा तेच, आकडा उलट मागं गेलेला. खालून आधी शिट्ट्या आल्या. मग शिव्या. मग एक बाटली येऊन बॉक्सवर फुटली. मग टेम्पो हलायला लागला, कारण चारपाच जण वर चढत होते.

मी मोबाइल मिक्सरला जोडायला गेलो. एकानं मोबाइल हिसकून खाली आपटला आणि त्या ओढाताणीत मोबाइलची वायर मुळातून तुटली. म्हणजे तोही मार्ग संपला. मला शर्टाला धरून खाली ओढलं. पडता पडता कोपर चाकावर आदळलं. त्यानंतर कुणाचा पाय, कुणाची मूठ, याचा हिशेब लागत नव्हता. मी एकाच्या हाताला चावलो ते आठवतं, तोंडात त्याच्या केसांची चव आली. "टेम्पोच पेटवा ह्येचा," असं कुणीतरी ओरडलं आणि आमचाच डिझेलचा डबा उचलला.

आबा जनरेटरमागून पुढं आले. हात जोडलेले. "हुईल चालू, मशीन हाय, दम धरा जरासा." एका पोरानं, माझ्या अर्ध्या वयाच्या, त्यांच्या थोबाडीत दिली. टोपी उडून धुळीत पडली. आबांनी ती उचलली, झटकली, परत डोक्यावर घातली आणि पुन्हा हात जोडले. मला तिघांनी चाकाला दाबून धरलं होतं. मी ओरडत होतो, पण काय ते मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा आबांच्या तोंडाजवळ येऊन निरखायला लागला. "अरं, ह्यो तर हलगीवाला! ह्येच्या हलगीवर म्या कुस्त्या मारल्यात." तो बिचारा कौतुकानं बोलला. त्या म्हाताऱ्यावर मला राग धरता येत नाही, पण कधी कधी धरतो.

मामाचे डोळे चमकले. "मग वाजव की. मशीन चालू हुईस्तोवर वाजव. न्हायतर तुझ्या पोराला हितंच पुरतो."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आबा, नका. मरू द्या मला." माझ्या पोटात गुडघा बसला आणि श्वासच गेला. आबांनी मान फिरवली आणि म्हणाले, "आणा."

मारुतीच्या देवळात आरतीची हलगी टांगलेली होती, ती आणली. तिचं चामडं ढिलं पडलेलं. पंगतीच्या पत्रावळ्यांचा ढीग पेटवून आबांनी ती शेकली, बोटानं टिचकी मारून बघितली, परत शेकली. ज्या काळजीनं घरी शेकायचे त्याच काळजीनं. मग गळ्यात अडकवली आणि वाजवायला लागले.

सांगायला लाज वाटते, पण काय वाजवलं! चौक उसळला. जी पोरं आत्ता मला मारत होती ती आबांच्या भोवती नाचायला लागली. मला सोडून दिलं, वर जाऊन मशीन बघ म्हणाले. मी टेम्पोवर चढलो. आकडा अर्ध्यावर येऊन बसला होता. मी त्या लॅपटॉपला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, त्याच्या पाया पडलो, ओल्या फडक्यानं त्याचं बूड पुसलं. तो आपला गोल फिरवत बसला. खाली आबा वाजवत होते. डाव्या हाताची बारीक काडी बोटांत रुतून कातडं सोललं होतं आणि हलगीच्या कडेवर लाल ठिपके उडत होते. आबा सत्तरीचे. मी वर, ते खाली.

मामानं एक नोट नवरदेवावरून ओवाळली आणि आबांच्या पायापाशी मातीत ठेवली. "तोंडानं उचल. आधी उचलायचा ना तुमी लोक?"

आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मामानं पुन्हा सांगितलं. आबा वाजवत राहिले. तेव्हा मामानं मागून त्यांची मानगूट धरली आणि खाली दाबली. आबा गुडघ्यावर आले. हलगी पोटाशी, तोंड मातीकडं, आणि हात तरी वाजवतच होते.

टेम्पोत चाक काढायची टॉमी असते, हातभर लोखंडाची. ती माझ्या हातात कधी आली ते आठवत नाही. मागच्या बाजूनं उतरलो. माणसं नाचत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मामा माझ्याकडं पाठ करून वाकलेला. गुलाबी फेटा माझ्यापुढं होता आणि त्याच्या खाली मानेची वळी, घामानं भिजलेली. मी दोन्ही हातांनी टॉमी वर नेली. खरं सांगतो, भीती नव्हती, विचार नव्हता. फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

आबांनी खालून मला पाहिलं. मामाच्या पायांमधून असेल, कसं ते माहीत नाही.

ठेका बदलला. तीन ठोके, मग गप्प. पुन्हा तीन, पुन्हा गप्प.

नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. माझी बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली. टॉमी माझ्या पाठीमागं मातीत पडली आणि तिच्या आवाजानं मामानं वळून बघितलं. आधी टॉमी, मग मी. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मग तो ओरडला, आणि मग जे झालं त्यात माझा ओठ फाटला. बुटाचं टोक होतं. मी हात उचलला नाही. उचलवतच नव्हता, कारण तो ठेका अजून चालू होता.

वरून एक मंजुळ आवाज आला. लॅपटॉप जागा झाला होता. "चालू झालं, चालू झालं!" एवढं ऐकल्याबरोबर माझ्या अंगावरचे पाय असे बाजूला झाले की जसं काही घडलंच नव्हतं. कुणी तर मला हात देऊन उठवलं आणि शर्टावरची माती झटकली. वर चढलो. लॅपटॉप माझं स्वागत करत होता. नवीन काय काय आलंय ते दाखवू का, म्हणून विचारत होता. मी पाटीतला शब्द न् शब्द वाचला, ओठातून रक्त बटणांवर गळत असताना, आणि मग "नको" दाबलं. गाणं लावलं. आवाज पार शेवटाला नेला.

सगळी गर्दी एका क्षणात माझ्या बाजूला वळली. आबा उठले, गुडघे झटकले, हलगी देवळाच्या पायरीवर नीट उताणी ठेवली आणि जनरेटरपाशी जाऊन डिझेल किती उरलंय ते बघायला लागले. नोट तिथंच होती. नाचणाऱ्यांच्या पायांखाली गेली.

परतीच्या वाटेवर मी टेम्पो चालवत होतो आणि बोंबलत होतो. ओठाला रुमाल बांधलेला, तरी बोंबलत होतो. "का अडवलं मला? कवटी फोडली असती त्याची. एकदाचं झालं असतं." आबा बोटांना जनरेटरचं फडकं गुंडाळून बसले होते.

मग म्हणाले, "फोडली असतीस. तुला आत टाकलं असतं. मंग म्या रोज त्येंच्या दारात गेलो असतो, पोराला सोडा म्हणून. आज येकदाच गेलो. सस्तात गेलं."

मी टेम्पो बाजूला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. आबांनी खिडकीतून बाहेर बघितलं.

घरी आल्यावर त्यांनी खिळ्यावरची हलगी काढली. मला वाटलं शेकतील. त्यांनी ती पोत्यात घातली, पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं आणि माळ्यावर टाकली. आईनं विचारलं तर म्हणाले, चामडं गेलंय. चामडं चांगलं होतं.

बोटं बरी झाली. जनरेटर अजून तेच बघतात. लॅपटॉप उत्तम चालतो, अपडेट मी घरी बसून करतो, आणि परण्याला निघताना मोबाइलचं नेट बंद करून मोबाइल आईजवळ ठेवून जातो.

परवा टेम्पो लावण्यावरून शेजाऱ्याशी माझी जुंपली. शब्दानं शब्द वाढला, त्यानं आबांवरून काहीतरी काढलं आणि मी त्याला आमच्या दारासमोर खाली घेतला. त्याच्या छातीवर बसलो, गळा हातात होता. आबा दारात आले. मला पाठीमागून त्यांची चाहूल लागली, फळीवर हात टेकल्याचं कळलं, आणि मी वाट बघितली. खरंच वाट बघितली. हात ढिला करायची माझी तयारी होती.

ठोका आला नाही.

"सोड," आबा तोंडानं म्हणाले.

मी त्याला आणखी दोन ठेवून दिल्या. मग लोकांनी मला ओढून काढलं. वळून बघितलं तेव्हा आबांचा हात तसाच फळीवर होता, बोटं पसरलेली, आणि ते त्या बोटांकडं बघत उभे होते.